मासे तोलायचा काटा

आयर्लंडमधल्या लिमरिकचं मोठं हॉस्पिटल सोडून ज्ञानदा त्या दीडशे वस्तीच्या बेटावर एकमेव डॉक्टर म्हणून आली, तेव्हा तिची बॅग उतरवतानाच बोटवाला मार्टिन म्हणाला, "हिवाळा काढणार नाही तुम्ही." २०२१च्या जानेवारीत वादळ आलं, बोटी बंद झाल्या, हेलिकॉप्टर उडेना, आणि नेमक्या त्याच सकाळी मार्टिनच्या लेकीला, नोराला, तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या. बाळ पायाळू होतं. असं बाळंतपण ज्ञानदाने एकदाच केलं होतं, तेही नागपुरात सीनियरच्या देखरेखीखाली. "घाई नाही, माझ्याकडे बघ," ती नोराला म्हणाली आणि कामाला लागली. दुपारी बाळाने टाहो फोडला. बेटावर चाळीस वर्षांनी जन्मलेली पहिली मुलगी टॉवेलात गुंडाळून मार्टिनने मासे तोलायच्या काट्यावर ठेवली. तेवढ्यात हेलिकॉप्टर निघाल्याचा फोन आला. "सावकाश या," तो म्हणाला, "आमची डॉक्टर आहे इथं."