हर्मीस गैरहजर

१९७४ साली त्या शाळेत सातवीची हजेरी देवांच्या नावांनी होई. भाषेच्या बाई ग्रीक पुराणकथा शिकवायला घेत आणि प्रत्येक मुलाला एक देव वाटून देत. वर्षभर तेच नाव, तोच बाक. बोलायला उठलं की आधी नाव सांगायचं. पंचवीस वर्षांची ही रीत. जुने विद्यार्थी रस्त्यात भेटले तरी आधी देवाचं नाव सांगत.

"अथीना हजर, बाई."

"पोसायडन हजर, बाई. डबा मात्र घरी राहिलाय."

"समुद्राच्या राजाला कसली रे भूक? बस खाली. हर्मीस?"

मुलांच्या माना रिकाम्या बाकाकडे वळल्या.

"अथीना, बाई. त्याला गालगुंड झालंय."

मागच्या बाकावर तपासनीस साहेब बसले होते. मुख्याध्यापिकांनीच त्यांना बोलावलं होतं. बाई वह्या मुलांकडूनच वाचून घेतात, फळ्याला हात लावत नाहीत, अशी तक्रार होती. शेरा वाईट आला तर बाईंचा हा शेवटचा तास, हे मुलांनाही ठाऊक होतं.

बाईंनी पर्सेफनीची गोष्ट सांगितली. पाताळाच्या राजाने तिला पळवलं, आईने रडून रडून पृथ्वी उजाड केली. पुस्तक टेबलावर मिटलेलंच होतं.

"मेलेल्यांना पाताळात कोण पोचवतं?"

"अथीना, बाई. हर्मीस."

"दुष्ट असतो का तो?"

"पोसायडन, बाई. असणारच! नाहीतर असलं काम कोण करेल?"

"अरे, तो निरोप्या. त्याला कोण विचारतंय? पण नेताना वाटेत कोणाला ठेचकाळू देत नाही."

तेवढ्यात मुख्याध्यापिका दाराशी चपला काढून, पाऊल न वाजवता आत आल्या. त्यांनी पुस्तक उघडलं आणि बाईंच्या नाकासमोर वीतभर अंतरावर धरलं.

बाई मागच्या बाकाच्या दिशेने हसत होत्या. "काही विचारायचंय का, साहेब?"

सगळा वर्ग बघत होता.

"नाही," साहेब म्हणाले, आणि मान खाली घालून शेरा लिहू लागले.

बाईंना त्याच आठवड्यात घरी बसावं लागलं. पुढे त्या बहिणीकडे राहिल्या, भाच्याच्या मुलांना गोष्टी सांगत. मुख्याध्यापिकांना बढती मिळाली. पोसायडनने खानावळ काढली आणि चांगली चालवली. अथीना आता आजी झाली आहे. साहेबांनी महिन्याभरात नोकरी सोडली. का, ते कुणाला कळलं नाही. अथीनाला तेवढं माहीत होतं, कारण तिचा बाक दाराजवळ होता. तास संपल्यावर साहेबांनी पायरीपाशी बाईंचा हात धरला आणि अगदी हळू म्हणाले,

"तेव्हा आवाज फुटला नव्हता, बाई, म्हणून ओळखलं नाहीत. हर्मीस हजर."