छतावरची पाळी

“पोरी, हे कुणालाच पटणार नाही. शपथेवर सांगितलं तरी नाही!” रडारवाल्या काकांनी ऐटीत सुरुवात केली.

काका थापा मारण्यात पटाईत, असं आईनं तिला बजावलं होतं. पण टेहळणी केंद्रावर बाबांबरोबर शेवटपर्यंत होते ते हेच. बाबा कसे गेले, हे दुसरं कोण सांगणार?

युद्धाच्या धास्तीचे दिवस होते ते. रडारच्या पडद्यावर रोज दुपारी एक वाजता एक ठिपका उगवायचा. शत्रूचं विमान असावं तसा सरळ केंद्राकडे यायचा, आदल्या दिवसापेक्षा थोडा अधिक जवळ. नियम ठरलेला होता. ठिपका दिसला की एकानं पडद्यापाशी थांबायचं आणि दुसऱ्यानं फोन घेऊन छतावर जायचं.

“तुझे बाबा वर जायचे आणि सांगायचे, ‘आकाश कोरं आहे रे, चहा टाक!’ शेवटच्या दिवशी ठिपका पार मधोमध आला. म्हणजे आमच्या डोक्यावरच की! मी फोनवर ओरडलो. वरून उत्तर नाही. धावत गेलो, तर छतावर नुसता फोन पडलेला.”

तिनं पिशवीतून बाबांच्या सामानात मिळालेली वही काढली. तिचा आवाज चढला.

“खोटं बोलताय, काका! त्या दिवशी छतावर तुम्ही गेला होतात. हे बाबांचं अक्षर आहे: ‘एक वाजून दहा. तो खाली आला. चेहरा त्याचाच आहे, पण मला ओळखत नाही. आता दाराला आतून कडी घालतोय.’”