सभ्य आजोबा

हिवरखेडच्या शकुनने मुलांसाठी गोष्ट लिहिली आणि तिच्यातले आजोबा हुबेहूब आपल्या सासऱ्यांवरून घेतले. संत्र्याच्या बगिच्यात वानरं शिरली की ते ओरडत, "निंगा मसन्याहो, मुडदा बशिवला तुमचा!"

पुण्याच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "गोष्ट गोड आहे हो. पण आजोबांच्या शिव्या तेवढ्या काढून टाका. लहान मुलांच्या मनावर परिणाम होतो."

पहिलंच पुस्तक होतं. ते अडू नये म्हणून शकुनने काळजावर दगड ठेवून सगळ्या शिव्या काढल्या. आता आजोबा वानरांना म्हणू लागले, "बाळांनो, आपापल्या घरी जा बरं."

पुस्तक छापून आलं तशी ती आपल्या लेकीला, आचलला, जवळ घेऊन वाचायला बसली. आचलने चित्र पाहताच आजोबांना ओळखलं आणि टाळ्या पिटल्या. वानरांचा प्रसंग वाचून झाला तेव्हा मात्र तिचं हसू मावळलं. पान उलटू नये म्हणून तिने ते हाताने दाबून धरलं.

"काहून वं, नाही आवडली?"

"आबाजी लय बिमार हायेत ना?" आचलचे डोळे भरून आले. "मले आधीच सांग आई, शेवटी मरतेत का ते?"