उरलेलं अर्धं घर

कारखान्यात बनलेलं स्वस्त घर दोन तुकड्यांत आलं. बैठकीची खोली पायावर बसली होती, स्वयंपाकघर अजून क्रेनला लोंबकळत होतं. अकरा वर्षं घरांच्या यादीत नंबर लावून बसलेली ती नव्या दाराबाहेर उभी राहिली आणि हौसेनं बेल दाबली.

"आले, आले! हात ओले आहेत."

आवाज वरून आला, लोंबकळत्या स्वयंपाकघरातून. आणि तो तिचाच होता.

शेजारी उभा असलेला नवरा हसला. "बघ, घरानं तुझा आवाज आधीच उचलला."

"ताई, खाली सोडू का?" क्रेनवाला ओरडला. "नको असेल तर सांगा, यादीतल्या पुढच्याला देऊन टाकतात."

अकरा वर्षं. "सोडा," ती म्हणाली.

कारखान्याचं माप चोख. दोन्ही तुकड्यांच्या मध्ये केससुद्धा शिरला नसता. आतून पावलं दाराकडे आली. कडी निघाली. दार एका माणसापुरतं उघडलं.

"किती वेळ गं दार उघडायला?" कुरकुरत नवरा बूट काढून आत गेला. दार लागलं.

"बाहेर कोण उभंय हो?" आतून तिच्याच आवाजात प्रश्न आला.

"कुणी नाही गं," नवरा म्हणाला.