तांदळातलं नाव

ताटातल्या तांदळावर नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं, 'रेवती', तेव्हा सासूबाईंच्या अश्रूंचा बांध फुटला. लग्नात सुनेचं नाव बदलायची या घरची रीतच होती, म्हणून मुग्धाने हसून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची माहेरची बॅग जागेवर नव्हती. सासूबाईंनी कपाट उघडून दिलं. आतले सगळे ड्रेस तिच्या मापाचे निघाले, पण धुऊन धुऊन विटलेले. बघायच्या कार्यक्रमात सासूबाईंनी टेप घेऊन तिची उंची मोजली होती. तेव्हा सगळेच हसले होते, तीसुद्धा.

ड्रेसांच्या मागे हार घातलेला एका मुलीचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, कै. रेवती.

ती धावतच हॉलमध्ये आली. बाहेरच्या दाराला आतून कुलूप होतं. नवरा टोपी घालून पाटावर बसला होता. "नाही म्हणू नकोस," तो खाली बघत पुटपुटला.

सासूबाईंनी निरांजनाचं तबक तिच्या हातात दिलं आणि मायेने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"पाच वर्षांच्या भाऊबीजा राहिल्यात, रेवती. ओवाळ दादाला."