गालातली गाठ

"काही नाही काका, साधी गाठ आहे," रिपोर्ट वाचून दातांच्या डॉक्टर रुचाताई म्हणाल्या. "कॅन्सर-बिन्सर काही नाही."

गोरक्ष खुर्चीत अंग चोरून बसला होता. शेजारी त्याची लेक निकिता उभी होती. रिपोर्ट ऐकायला ती सासरहून पहिल्या एसटीने जामखेडला आली होती. तिने पदर तोंडाशी धरला आणि ढसाढसा रडायलाच लागली.

डॉक्टरांनी आरशात दाखवून समजावलं. मागच्या दाढेचा टवका उडाला होता. त्याची धार गालाला घासायची, जेवताना त्याच जागी गाल चावला जायचा, आणि तिथलं मांस वाढत वाढत वाटाण्याएवढं झालं. गाठ आठ दिवसांपूर्वी काढली होती, दाढही घासून गुळगुळीत केली होती.

"तंबाखू मात्र आजपासून बंद. किती दिवस होती ही गाठ?"

"दीड वर्स."

"दीड वर्ष! अहो, पंधरा मिनिटांचं काम. इतके दिवस करत काय होतात?"

मोटरसायकलच्या आरशात गाल ताणून गोरक्षने स्वतःच निदान करून टाकलं होतं. तंबाखू विसाव्या वर्षापासून मळत होता, तेव्हा दुसरं काय असणार? डॉक्टरकडे गेलो तर गावभर बोभाटा होईल, आणि कॅन्सरच्या घरातली पोरगी करणार कोण? गाठ दाखवली ती एकट्या निकिताला. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. आधी डॉक्टरला दाखवू म्हणून ती त्याच्या पाया पडली. "तुला उजवल्याबिगर मी दवाखान्याची पायरी चढनार न्हाई," असा हट्ट धरून तो बसला. शेवटी बापाला दवाखान्यात नेता यावं म्हणून पोर शिक्षण अर्ध्यावर टाकून बोहल्यावर चढली.

"पोरीचं लगीन केलं," तो म्हणाला.

डॉक्टरांना काही उमगलं नाही. त्या हसून कागद पाकिटात घालू लागल्या. तेवढ्यात निकिताच्या सासूचा फोन आला.

"व्हय आत्या, साधीच हाय... न्हाई न्हाई, ऱ्हात न्हाई. धारा काढायच्या आत येते."

गोरक्षला आनंद झाला नाही असं नाही. पण लेकीचा तो भ्यालेला, लगबगीचा आवाज ऐकला आणि गाठ वाईट निघाली असती तर बरं झालं असतं, असं त्याला अगदी आतून वाटलं. निदान पोरीने सगळं सोडलं ते कशापायी, हे तरी कुणाला सांगता आलं असतं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"आबा, आता कशाला रडता?" निकिता त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "वाचला की तुमी!"

"मी वाचलो गं," तो म्हणाला. "मी वाचलो."