हिरड्याचं प्रदर्शन

दालनाच्या दाराशी पाटी होती : ‘चित्रकार – हिरडा. वय अंदाजे नव्वद. मुक्काम दाजीपूरचं जंगल.’ मुळांना तारा जोडून यंत्राचा कुंचला दिल्यापासून हे झाड रोज एक चित्र काढत होतं. चित्रात डावीकडं सकाळ, उजवीकडं सांज. एप्रिलअखेरीस निवृत्त झालेला त्याच जंगलातला वनमजूर तातोबा बायकोला, हौसाबाईला घेऊन मुद्दाम कोल्हापुरात ते बघायला आला होता.

सुरुवातीच्या भिंतींवर प्रत्येक चित्राच्या मधोमध एक निळा फटकारा होता.

“हा निसर्गाचा खोल विषाद,” संयोजक बाई पाहुण्यांना समजावत होत्या. “भर उन्हाळ्यात, दुपारी, ना पाऊस ना दव. तरी रोज निळा!”

तातोबा ओशाळून हौसाबाईच्या कानाशी लागला. “अगं, ते माझं हात धुणं हाय. डबा खाल्ला की त्याच्याच बुडात हात धुवायचो.”

“वीस वर्सं?”

“मग कुठं धुणार?”

शेवटच्या भिंतीवर मे महिन्यातली चित्रं होती. त्यांत निळा नव्हता. मधोमध तेवढीच जागा हिरड्यानं रोज कोरी सोडली होती.

“इथं कलावंत अमूर्ताकडं वळतो,” बाई म्हणाल्या.

“मे महिन्यात तुमी घरी हुता,” हौसाबाई हळूच म्हणाली.

तिनं तातोबाला बाकावर बसवलं आणि पिशवीतून डबा काढला. “अवो, दोन घास खाऊन घ्या.”

तातोबानं डब्याचं झाकण परत लावलं.

“हितं नको. दाजीपूरची एसटी धरू. हात तिथं धुतो.”